मुक्या जीवाची साक्ष

'आजार रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पाणी वाहणारा रेडा आजारी पडला असता त्याच्या पाठीवरील कातडी पखालीला औषध चोपडणारा माणूस शहाणा नव्हे, हे सांगावयास कोणा पंडिताची गरज नाही. परंतु या म्हणीत विनोदाइतकेच कारुण्यही आहे. औषध भलत्याच जागी लागले, आपले दुखणे आहे तसेच आहे, हे रेड्याला कळते. ते त्याला सांगता मात्र येत नाही. मालक समाधानाने घरी जातो आणि रेडा तसाच उभा राहतो. माणसाचे समाधान झाले म्हणजे जनावराला गुण आला, अशी गल्लत होणे किती सोपे आहे, याची आपल्या पूर्वजांनी करून ठेवलेली ही एक नोंदच होय.

प्रस्तुत लेखात आम्ही ज्या प्रश्नाचा विचार करू इच्छितो तो वरवर पाहता पशुवैद्यांचा प्रश्न आहे. गेल्या काही दशकांत वैद्यकात 'पुराव्यावर आधारित चिकित्सा' हा विचार रुजला. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील डॉक्टरांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी त्याला हे नाव दिले. पुढे २००३ साली पीटर कॉकक्रॉफ्ट आणि मार्क होम्स यांनी या विषयावर पशुवैद्यांसाठी एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. या विचाराची मागणी साधी आहे. एखादा उपाय करावयाचा तर तो गुणकारी आहे हे कशावरून, असे आधी विचारावे. आणि त्याचे उत्तर केवळ परंपरेत, थोरांच्या शब्दात किंवा स्वतःच्या आठवणीत न शोधता, काळजीपूर्वक केलेल्या तुलनेत शोधावे.

हे केवळ कार्यक्षमतेचे तंत्र आहे, की त्यात काही नैतिक कर्तव्यही आहे? आमच्या मते ते कर्तव्यच आहे. किंबहुना, ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाबतीत पुरावा मागणे हा दयेचाच एक कमी परिचित प्रकार आहे. आणि हे कर्तव्य एकट्या डॉक्टरांचे नाही. ज्याच्या दावणीला गाय आहे, अंगणात शेळी आहे किंवा दारात कुत्रा आहे, त्या प्रत्येक कुटुंबाचे ते आहे.

न बोलणारा रुग्ण

माणूस आजारी पडतो तेव्हा तो स्वतःच स्वतःचा साक्षीदार असतो. 'डॉक्टर, तुमच्या गोळ्यांनी काही उतार पडला नाही,' असे तो म्हणू शकतो. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. नको असलेला उपचार नाकारू शकतो. जनावराला यांपैकी काहीही शक्य नाही. त्याच्या बाबतीत आजार एकाचा, पैसा दुसऱ्याचा आणि निर्णय तिसऱ्याचा असतो. उपचार यशस्वी झाला की नाही याचा निवाडा करणारे दोघेही, म्हणजे मालक आणि डॉक्टर, तो यशस्वी झालेला पाहण्यास उत्सुक असतात. एकाने पैसे मोजलेले असतात, दुसऱ्याने आपला शब्द दिलेला असतो. कोणत्याही न्यायालयात अशा साक्षीदारांची उलटतपासणी केल्याशिवाय त्यांची साक्ष ग्राह्य धरली जाणार नाही.

ही केवळ आमची शंका नव्हे. संधिवाताने लंगडणाऱ्या कुत्र्यांविषयीचा एक अभ्यास २०१२ साली अमेरिकेतील पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील कुत्र्यांना औषधी गुण नसलेली, पण दिसावयास औषधासारखीच गोळी दिली गेली होती. कुत्रा पायावर किती भार देतो हे मोजणाऱ्या यंत्रावरून त्यांना चालविले गेले. शिवाय त्यांचे मालक आणि त्यांना तपासणारे पशुवैद्य या दोघांचेही मत विचारले गेले. यंत्राने पायात काही फरक पडला नसल्याचे दाखविले तरीसुद्धा मालकांनी, आणि मालकांइतक्याच सहजतेने डॉक्टरांनीही, 'कुत्रा आता बरा चालतो' असा निर्वाळा वारंवार दिला. यांत कोणीही खोटे बोलत नव्हते. आपण ज्याची आशा धरतो ते आपल्याला दिसू लागते, एवढाच त्याचा अर्थ.

माणसाला निर्गुण गोळीने बरे वाटले तर निदान त्याला बरे तरी वाटते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र बरे वाटते ते मालकाला. कुत्र्याची कळ जागच्या जागीच राहते. इतकेच नव्हे, तर आता तो बरा झाला असे सर्वांनी मान्य केल्यामुळे त्याच्या दुखण्याकडे पुन्हा पाहण्याचे कारणही उरत नाही.

गुण आला, पण कशाने?

सर्दी औषधाने आठवड्यात बरी होते आणि औषधावाचून सात दिवसांत, असे गमतीने म्हटले जाते. पुष्कळसे आजार आपली मुदत संपली की आपोआप ओसरतात. शिवाय दुखणे शिगेला पोहोचले म्हणजेच आपण डॉक्टरकडे धावतो. आणि जे शिगेला पोहोचले ते बहुधा त्यानंतर उतरणारच असते. अशा वेळी हाती जे औषध असेल त्याला श्रेय मिळते. 'त्यानंतर घडले' म्हणजे 'त्यामुळे घडले' असे समजणे ही तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातच शिकविली जाणारी चूक. परंतु गोठ्यात उभे राहिल्यावर ती भल्याभल्यांकडून होते.

या चुकीची किंमत कोण देतो हे पाहावयाचे असेल तर डागणीचे उदाहरण घ्यावे. जनावराला तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चाल आपल्या खेड्यांत जुनी आहे. परंतु ती केवळ अशिक्षितांची होती असे समजण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्याच्या पायाची शीर दुखावली म्हणजे सुशिक्षित पशुवैद्य तीवरील कातडीला तप्त लोखंडाने डागत असत. डागण्याने रक्तपुरवठा वाढतो आणि शीर बळकट होते, अशी त्यामागील उपपत्ती होती. पिढ्यान् पिढ्या हा उपचार चालला, कारण डागलेले घोडे पुन्हा धावू लागत. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या उपचाराची तुलनेने परीक्षा केली आणि डागण्यामुळे शीर भरून येण्यास काहीही साहाय्य होत नाही असे दाखवून दिले. मग घोडे बरे कसे होत? डागल्यानंतर त्यांना कित्येक महिने विश्रांती दिली जाई. गुण विश्रांतीचा होता; वेदना तेवढी लोखंडाची होती. १९९१ साली ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने ही पद्धत नैतिकदृष्ट्या अयोग्य ठरविली.

त्या सर्व काळात डागणारे हात क्रूर माणसांचे नव्हते. आपण घोड्याचे भलेच करीत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आणि आमच्या विषयाचा गाभा नेमका येथेच आहे.

प्रामाणिक समजूत पुरेशी आहे काय?

इंग्लिश गणितज्ञ व तत्त्वचिंतक विल्यम क्लिफर्ड याने १८७७ साली विश्वास ठेवण्याच्या नीतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने एका जहाजमालकाचे उदाहरण घेतले आहे. जहाज जुने झालेले आहे, ते समुद्रात लोटण्यास योग्य नाही अशी शंका मालकाला येते. परंतु दुरुस्तीचा खर्च नको म्हणून तो हळूहळू स्वतःची समजूत घालतो, आणि अखेरीस अगदी मनापासून निर्धास्त होऊन उतारूंनी भरलेले जहाज रवाना करतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो की त्या मालकाचा विश्वास खरा होता, तरी तो बाळगण्याचा अधिकार त्याला नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरीही त्याचा दोष तिळभर उणा झाला नसता. क्लिफर्ड काही धर्मश्रद्धेचा पुरस्कर्ता नव्हता आणि त्याची सर्वच मते आम्हांला मान्य होण्यासारखी नाहीत. परंतु ज्या समजुतीच्या आधारे आपण दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो ती तपासून घेणे हे कर्तव्य आहे, या त्याच्या म्हणण्यात खोट काढता येत नाही.

याच्या कितीतरी आधी संत थॉमस अक्वायनस यांनी सद्गुणांची मांडणी करताना विवेकाला मानाचे स्थान दिले. दया, धैर्य, न्याय हे सद्गुण कोठे जावयाचे ते सांगतात. तेथे कोणत्या वाटेने जावयाचे ते विवेक सांगतो. विवेकाचे घटक सांगताना संत थॉमस यांनी स्मरण, दूरदृष्टी, सावधपणा यांच्याबरोबर दुसऱ्याकडून शिकण्याच्या नम्रतेचाही समावेश केला आहे. विवेकावाचून दया ही डोळे बांधून औषध वाटत फिरण्यासारखी आहे. तिचा हेतू शुद्ध असतो. पण औषध रेड्याला लागले की पखालीला, हे तिला ठाऊक नसते.

तुलनेची कसोटी

मग खरे काय ते ओळखावे कसे? याचे एक उत्तम उदाहरण जनावरांच्याच वैद्यकाने घालून दिले आहे. फ्रान्समध्ये काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, या रोगाने मेंढ्यांचे कळप नष्ट होत असत. लुई पाश्चर यांनी या रोगावर लस केल्याचे जाहीर केले तेव्हा पुष्कळांनी शंका घेतली. शंका घेणाऱ्यांत रोझिन्योल नावाचे एक पशुवैद्यही होते. त्यांच्याच पुढाकाराने १८८१ सालच्या मे महिन्यात पूयी-ल-फोर या गावी उघड परीक्षा झाली. पंचवीस शेळ्यामेंढ्यांना लस टोचली, पंचवीसांना टोचली नाही. काही गाईबैलही दोन्ही बाजूंना होते. ३१ मे रोजी सर्वांना रोगाचे जहाल जंतू टोचले. २ जूनला लोक जमले तेव्हा लस दिलेली सर्व मेंढरे उभी होती. लस न दिलेल्यांपैकी बहुतेक मरून पडली होती आणि उरलेली त्यांच्या डोळ्यांदेखत दगावली.

या प्रयोगाचे मर्म त्या दुसऱ्या पंचवीसांत आहे. लस दिलेल्या मेंढ्या जगल्या एवढेच पाहिले असते तर त्या एरवीही जगल्या असत्या की नाही, हे कोणालाच सांगता आले नसते. लस न दिलेल्या मेंढ्यांनी आपल्या मरणाने जी साक्ष दिली तिच्यामुळे पुढे असंख्य कळप वाचले. असे प्रयोग करावेत काय, हा प्रश्न संवेदनशील मनाला पडल्यावाचून राहत नाही, आणि तो पडलाच पाहिजे. जेथे इतर मार्ग असेल तेथे अशी परीक्षा टाळलीच पाहिजे. परंतु न तपासलेला उपाय सर्वच जनावरांवर करीत राहणे हादेखील एक प्रयोगच आहे. फरक इतकाच, की त्याची नोंद कोणी ठेवीत नाही आणि त्यातून कोणी काही शिकत नाही.

या कथेला एक पुरवणी आहे, आणि ती वगळणे आमच्या विषयाशी प्रतारणा ठरेल. इतिहासकार जेराल्ड गायसन यांनी पाश्चर यांच्या खासगी वह्या अभ्यासून १९९५ साली दाखवून दिले की, त्या दिवशी वापरलेली लस पाश्चर यांनी लोकांना भासविलेल्या पद्धतीने तयार केलेली नव्हती. त्यांचे सहकारी शांबरलाँ यांच्या निराळ्या, रासायनिक पद्धतीने ती केलेली होती. लस गुणकारी होती हे खरेच; परंतु ती कशी केली याविषयी जगाला पूर्ण सत्य सांगितले गेले नाही. पुराव्याची साक्ष द्यावयाची तर ती पुरी द्यावी लागते. यश मिळाले म्हणून अर्धे सत्य पूर्ण होत नाही.

गिधाडांचा धडा

आतापर्यंतची उदाहरणे दूर देशांची होती. आता आपल्याच देशातील एक प्रकरण पाहू. आपल्या वाडवडिलांच्या काळी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की आकाशातून गिधाडे उतरत आणि काही वेळातच केवळ सांगाडा उरे. १९९० च्या दशकात ही गिधाडे दिसेनाशी होऊ लागली. राजस्थानातील भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी ही घट प्रथम नोंदविली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मुंबईतील पारशी बांधवांच्या शतकानुशतके चालत आलेल्या अंत्यविधीवरही तिचा परिणाम झाला.

कारण काय असावे? कोणी साथीचा रोग म्हटले, कोणी कीटकनाशके म्हटले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासली. पुष्कळांच्या आतील अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे पुट चढलेले होते. म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. अशा पंचवीस गिधाडांपैकी पंचविसांच्याही शरीरात डायक्लोफिनॅक हे औषध सापडले. इतर कारणांनी मेलेल्या तेरांपैकी एकातही सापडले नाही. २००४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. लंगडणाऱ्या बैलाला, कास सुजलेल्या गाईला ते दिले जात होते, आणि त्याने वेदना खरोखरच कमी होत होती. जनावर त्यानंतर लवकरच दगावले तर मात्र त्याच्या मांसातून ते औषध गिधाडाच्या पोटात जाई. शंभरातील एकाहूनही कमी मृत जनावरांत ते असले तरी ही संपूर्ण घट घडून येण्यास पुरेसे होते, असे गणिताने दिसून आले. गिधाडे गेल्यामुळे सडणारी ढोरे व भटकी कुत्री वाढून माणसांचेही किती मृत्यू ओढवले याचा हिशेब दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केला; २००० ते २००५ या काळात ते सुमारे पाच लाख असावेत असा त्यांचा अंदाज आहे.

येथे दोष कोणाचा? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना अज्ञानाचे दोन प्रकार सांगितले जातात. एक, जे प्रामाणिक प्रयत्न करूनही दूर करता येत नाही. त्याबद्दल माणूस दोषी ठरत नाही. दुसरे, जे थोड्या कष्टाने दूर करता आले असते, पण आपण ते कष्ट घेतले नाहीत; त्याचा जाब द्यावा लागतो. २००४ पूर्वी ज्या पशुवैद्याने बैलाची कळ थांबावी म्हणून डायक्लोफिनॅक टोचले त्याचे अज्ञान पहिल्या प्रकारचे होते. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

परंतु पुढे काय झाले ते पाहावे. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे औषध परीक्षेला उतरले आणि २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घालण्याची पावले सरकारने उचलली. तरीही माणसांसाठी असलेल्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोहोचत राहिल्या. अखेर २०१५ साली ती बाटली तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतीच असावी असा नियम करावा लागला. दरम्यान अॅसिक्लोफिनॅकसारखी इतर औषधे वापरली जाऊ लागली. हे औषध गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचेच डायक्लोफिनॅक होते, असे तपासाअंती दिसून आले. त्यावर आणि कीटोप्रोफेनवर २०२३ साली बंदी आली. या नंतरच्या वर्षांतील अज्ञानाला पहिल्या प्रकारचे म्हणता येईल काय? पुरावा प्रसिद्ध झालेला होता, पर्याय उपलब्ध होता. ते जाणून घेण्याचे कष्ट तेवढे उरले होते. पुरावा हाती येतो त्या दिवसापासून आपली जबाबदारी बदलते, ती अशी.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप संभवतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की मग अनुभवाला काहीच किंमत नाही काय? चाळीस वर्षे गुरे पाहिलेल्या डॉक्टरांची नजर, घराण्यात चालत आलेली झाडपाल्याची माहिती हे सर्व टाकाऊ काय? मुळीच नाही. डेव्हिड सॅकेट यांनी १९९६ साली या पद्धतीची जी व्याख्या केली तिच्यात चिकित्सकाच्या अनुभवाला आणि रुग्णाच्या इच्छेला संशोधनाच्या बरोबरीने स्थान आहे. गाईची देवी निघालेल्या माणसाला मोठ्या देवी येत नाहीत हे इंग्लंडच्या खेड्यांतील लोकांना डॉक्टरांच्या आधी ठाऊक होते. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली ते तपासून पाहिले म्हणून जगाला लस मिळाली. अनुभव हा ज्ञानाचा दरवाजा आहे. तो शेवटचा मुक्काम नव्हे. कासदाहावर कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप लावतात. तो आजीने सांगितला म्हणून खोटा ठरत नाही, तसाच आजीने सांगितला म्हणून खराही ठरत नाही. तो तपासावा. हाच न्याय झगमगीत वेष्टनातील महागड्या औषधालाही लावावा. विक्रेत्याने दिलेले माहितीपत्रक ही पक्षकाराची साक्ष आहे, हे विसरू नये.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. शेळीच्या, म्हशीच्या पुष्कळ आजारांबाबत असे भक्कम संशोधन झालेलेच नाही, आणि जनावर तर आज तडफडत आहे. पुराव्याची वाट पाहत हातावर हात ठेवून बसावे काय? नाही. आहे त्यांतील उत्तम माहितीवर चालावे, कमीत कमी अपाय करणारा उपाय निवडावा, आणि आपल्याला नक्की ठाऊक नाही हे मोकळेपणाने सांगावे. हे शेवटचे सर्वांत कठीण. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीत बुळकांडीने गुरे पटापट मरू लागली तेव्हा पोप अकरावे क्लेमेंट यांनी आपले वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चिसी यांचा सल्ला घेतला. नामी औषधाचा शोध लावण्याचे श्रेय मिळविण्याच्या नादात रोग पसरू देण्यापेक्षा, आजारी व संशयित जनावरे मारून पुरावी आणि गुरांची ने-आण थांबवावी, असा कटू सल्ला लान्चिसी यांनी दिला. 'माझ्यापाशी औषध नाही' असे म्हणण्याचे धैर्य त्या सल्ल्यात होते, आणि पोपच्या राज्यातून तो रोग हटला. पुढे याच बुळकांडीवर प्लोराइट यांनी तयार केलेली खात्रीची लस आली. भारत २००६ साली रोगमुक्त घोषित झाला आणि २०११ साली ही व्याधी पृथ्वीतलावरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ उखडलेला हा दुसराच रोग. 'आम्हांला ठाऊक नाही' या प्रामाणिक वाक्यापासून सुरू झालेला प्रवास तीनशे वर्षांनी येथे पोहोचला.

आपल्या गोठ्यात, आपल्या दारात

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे एक समजूत फार खोल रुजली आहे: डॉक्टरांनी सुई टोचली म्हणजे त्यांनी काही केले, तपासून नुसता सल्ला दिला तर फी कशाची? या समजुतीपायी कित्येक पशुवैद्य स्वतःच्या विवेकाविरुद्ध इंजेक्शन देतात, कारण त्यांनी ते दिले नाही तर शेजारचा दुसरा कोणी देतो. दोष देताना आपण डॉक्टरांकडे बोट दाखवितो. पण ती सुई भरावयास आपणच लावलेली असते. प्रतिजैविके अशा रीतीने विनाकारण दिली गेली म्हणजे रोगजंतू त्यांना सरावतात आणि मग तीच औषधे आपल्या लेकरांच्याही उपयोगी पडेनाशी होतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखीव शस्त्रासारखे असलेले प्रतिजैविक खाद्य-जनावरांना देण्यावर सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती याच भीतीने. औषध टोचलेल्या म्हशीचे दूध ठरलेल्या मुदतीपर्यंत विकावयाचे नसते. ती मुदत न पाळता रतीब घालणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी न सांगितलेले औषध पोहोचविणेच होय.

यावर उपाय खर्चाचा नाही. डॉक्टर आले म्हणजे तीन प्रश्न आदराने विचारावेत. हा आजार काही न करता बरा होण्यासारखा आहे काय? या औषधाने गुण येतो हे कशावरून? आणि याने अपाय काय होऊ शकतो? सुज्ञ डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही; उलट, आपल्या ज्ञानाची कदर करणारा मालक भेटला याचा त्यांना आनंदच होईल. त्यांनी 'दोन दिवस थांबू या' असे म्हटले तर त्या सल्ल्याचेही पैसे आनंदाने द्यावेत, कारण न टोचण्याचा निर्णय घेण्यासही विद्या लागते. कासेतील दोष सडागणिक दूध घेऊन साध्या चाचणीने गोठ्यातच पाहता येतो. तो पाहिल्यावाचून औषधाचा आग्रह धरू नये. एका वहीत तारीख, लक्षण, दिलेले औषध आणि पुढे काय झाले ते लिहून ठेवावे. गुण आला तेव्हाचेच नव्हे, तर न आला तेव्हाचेही. आपली स्मृती यश जपून ठेवते आणि अपयश विसरते. वही तसे करीत नाही. आणि डॉक्टरांना बोलावण्याआधी आपण काय काय करून पाहिले ते न लपविता सांगावे. मुक्या जनावराच्या वतीने बोलणारे आपणच. आपण लपविले तर त्याची साक्ष बुडाली.

खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण बालपणीच पाठ केली. शेजाऱ्याविरुद्ध कोर्टात किंवा चव्हाट्यावर खोटे बोलू नये, असा तिचा अर्थ आपण घेत आलो. पण जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्याविषयी 'त्याला आता बरे आहे' असे न पाहता, न तपासता म्हणणे, हीदेखील एक साक्षच आहे. आणि तिची शिक्षा साक्षीदाराला होत नाही, ज्याच्याविषयी ती दिली त्याला होते. म्हणून ती जपून द्यावी लागते.

जनावराचा आपल्यावर विश्वास असतो. सुई पाहून ते बिचकते, तरी मालकाचा हात पाठीवर पडताच उभे राहते. त्या विश्वासाने आपल्याकडे पुरावा मागितलेला नाही. तो त्याने मागितला नाही, म्हणूनच त्याच्या वतीने तो मागणे आपल्याला भाग आहे.